परतणारे अवकाशयान का तापते?

अवकाशयान पृथ्वीवर परतताना अतिशय तापते, हे विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. 'हवेच्या घर्षणाने', असे त्याचे कारण वर्गात सहज सांगितले जाते. घर्षणाचा त्यात काही वाटा असतो. परंतु मुख्य कारण निराळे आहे.

पृथ्वीनजीकच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदास सुमारे ७.८ किलोमीटर असतो. त्या वेगामुळे यानाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा साठलेली असते. तेवढ्या उष्णतेने १० किलोग्रॅमहून अधिक पाण्याची वाफ होईल. केवळ इंजिनाच्या बळावर हा वेग मोडावयाचा, तर अपार इंधन वर न्यावे लागेल. म्हणून थोडे इंधन जाळून यान खाली वळवितात व पुढील रोधनाचे काम वातावरणावर सोपवितात.

एवढ्या वेगापुढे हवेस बाजूस सरण्यास अवसर मिळत नाही. ती यानासमोर एकाएकी दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळेच तापते. सायकलच्या पंपाने हे वर्गात दाखविता येईल. प्रथम नळी मोकळी ठेवून पंप चालवावा. तो फारसा तापत नाही. मग नळी चाकास जोडून हवा भरावी. पंपाचे खालचे टोक गरम लागते. घर्षण दोन्ही वेळी असते. फरक पडतो तो दाबाचा.

यानाचे टोक अणकुचीदार असावे, असे प्रथम वाटते. अमेरिकन शास्त्रज्ञ ज्यूलियन ॲलन यांनी १९५१-५२ च्या सुमारास याच्या उलट दाखवून दिले. बोथट यानापुढे तप्त हवेचा मुख्य थर पृष्ठभागापासून दूर राहतो व बहुतेक उष्णता हवेबरोबरच निघून जाते. उरलेली उष्णता कवच थोपविते. अपोलो यानांचे कवच स्वतः जळत व झिजत जाऊन ती बाहेर टाकीत असे.

या कवचाचे मोल २००३ साली जगास कळले. १६ जानेवारी रोजी उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फेसाचा तुकडा आदळून 'कोलंबिया' यानाच्या डाव्या पंखाच्या कडेस भगदाड पडले. कक्षेत, जेथे हवा जवळजवळ नाहीच, तेथे त्याने काही बिघडले नाही. १ फेब्रुवारी रोजी परतताना मात्र तप्त वायू त्या वाटेने पंखात शिरला, आतील ॲल्युमिनियमचा सांगाडा निकामी झाला आणि यान भंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

म्हणून 'घर्षण' या एका शब्दाने हा प्रश्न मिटवू नये. शिक्षकांनी पंप विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि कारण त्यांनाच शोधू द्यावे.