वृक्षवलये आणि मान्सूनचा इतिहास : सागाच्या लाकडातील हवामान-नोंदींचे स्वरूप व महत्त्व

बीजसंज्ञा : वृक्षवलय, कालनिश्चिती, साग, नैर्ऋत्य मान्सून, अवर्षण, जलनियोजन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शेती, धरणे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि जलविद्युतनिर्मिती यांचे नियोजन नैर्ऋत्य मान्सूनविषयीच्या एका अपेक्षेवर उभे असते. ही अपेक्षा मागील वर्षांच्या नोंदींवरून ठरविली जाते. परंतु या नोंदी फार जुन्या नाहीत. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली, तर अभ्यासक सामान्यतः वापरतात ती अखिल भारतीय पावसाची सलग मालिका १८७१ पासून सुरू होते. काही मोजक्या केंद्रांच्या नोंदी याहून जुन्या असल्या, तरी संपूर्ण प्रदेशाचे चित्र उभे करण्यास त्या पुरेशा नाहीत. म्हणजेच मान्सूनच्या वर्तनाचा उपकरणांनी नोंदलेला इतिहास सुमारे दीडशे वर्षांचाच आहे. गेल्या दीडशे वर्षांत मान्सूनने जे केले, त्याहून वेगळे तो काही करणार नाही, असे गृहीत धरणे शास्त्रीय दृष्टीने योग्य ठरत नाही.

उपकरणांपूर्वीच्या काळात शिरण्यासाठी गुहांतील चुनखडीचे स्तंभ, सरोवरांतील गाळ, प्रवाळ, हिमस्तर आणि वृक्षवलये अशी नैसर्गिक साधने उपलब्ध आहेत. यांपैकी वृक्षवलयांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील प्रत्येक नोंदीला नेमके वर्ष देता येते. प्रस्तुत लेखात वृक्षवलयांपासून भूतकालीन हवामानाची पुनर्रचना कशी केली जाते, भारतीय संदर्भात सागाच्या वलयांनी काय सांगितले आहे आणि ही माहिती पाण्याच्या नियोजनासाठी का महत्त्वाची आहे, याचे विवेचन केले आहे.

वलयाची निर्मिती

झाडाची साल आणि लाकूड यांच्या दरम्यान ऊतककर, म्हणजे कॅम्बियम, हा पेशींचा पातळ थर असतो. वाढीच्या काळात हा थर आतील बाजूस नवे काष्ठ तयार करतो. ऋतूच्या आरंभी तयार होणारे काष्ठ आणि ऋतूच्या अखेरीस तयार होणारे काष्ठ यांच्या पेशींचा आकार व भित्तिकांची जाडी भिन्न असते. वाढ थांबून पुढील वर्षी पुन्हा सुरू झाली की, दोहोंमधील सीमा स्पष्ट दिसते. अशा दोन सीमांमधील पट्टा म्हणजे एका वर्षाचे वलय होय.

समशीतोष्ण प्रदेशात कडक हिवाळा वाढ थांबवितो. उष्ण कटिबंधात तसा हिवाळा नसल्यामुळे अनेक वृक्षांत वार्षिक वलये स्पष्ट नसतात आणि त्यामुळे हे शास्त्र येथे दीर्घकाळ मागे राहिले. साग हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. हा पानझडी वृक्ष उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पालवतो. त्याच्या प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या वाहिन्यांची एक रांग असते आणि ती नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. हिवाळ्याऐवजी येथे कोरडा ऋतू वर्षांची सीमा आखतो. त्यामुळे सागाचे वलय हे एका अर्थाने पावसाळ्याचेच वलय ठरते.

कालनिश्चितीची पद्धत

वलये मोजून वय काढणे आणि वृक्षवलयशास्त्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. अतिशय वाईट वर्षी खोडाच्या काही भागात वलय तयारच होत नाही, तर कधी ऋतूच्या मध्येच पाऊस खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यास एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. त्यामुळे केवळ मोजणी केल्यास चूक होते. यावर उपाय शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस (१८६७-१९६२). सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राचा पृथ्वीवरील हवामानावर काही परिणाम होतो काय, याचा शोध घेताना विसाव्या शतकाच्या आरंभी ते ॲरिझोनातील पाइन वृक्षांकडे वळले. एकाच प्रदेशातील अनेक झाडांत रुंद व अरुंद वलयांचा क्रम सारखाच आढळतो, हे त्यांच्या लक्षात आले. एका झाडाचा क्रम दुसऱ्याशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी जुळवून पाहिल्यास हरवलेले किंवा खोटे वलय उघडकीस येते. या तुलनात्मक कालनिश्चितीवरच संपूर्ण शास्त्राचा पाया उभा आहे.

याच पद्धतीने जिवंत झाडाच्या आतील वलयांशी जुन्या तुळईच्या बाहेरील वलयांचा मेळ घालून मालिका मागे नेता येते. १९२९ मध्ये ॲरिझोनातील शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने डग्लस यांच्याजवळील दोन तुटक मालिका जोडल्या गेल्या. त्यामुळे प्वेब्लो लोकांच्या प्राचीन वस्त्यांच्या बांधकामाची वर्षे निश्चित झाली आणि १२७६ ते १२९९ या काळातील दीर्घ अवर्षणही उजेडात आले. १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलय संशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली.

वलयापासून पावसाच्या अनुमानापर्यंत

नमुना घेण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ पात्याच्या विशिष्ट गिरमिटाने खोडातून सुमारे ५ मिलिमीटर जाडीची कांडी काढली जाते. ती घासून गुळगुळीत केल्यावर प्रत्येक वलयाची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अथवा त्याहूनही सूक्ष्म मोजली जाते.

कोवळ्या वयात झाडाची वलये रुंद असतात आणि वय वाढते तशी ती अरुंद होत जातात. हा उतार हवामानाचा नसून वयाचा असतो. तो गणिती पद्धतीने वेगळा करण्याच्या क्रियेस प्रमाणीकरण म्हणतात. त्यानंतर अनेक झाडांची सरासरी घेऊन त्या स्थळाचा निर्देशांक तयार केला जातो. एखाद्या झाडावर पडलेली कीड, शेजारचे झाड पडल्याने मिळालेला जादा प्रकाश, वणव्याची झळ अशा वैयक्तिक घटनांचा प्रभाव या सरासरीत क्षीण होतो आणि सर्व झाडांना समान असलेला हवामानाचा प्रभाव शिल्लक राहतो.

पुढील टप्पा अंशांकनाचा होय. ज्या वर्षांसाठी पर्जन्यमापकाच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्या वर्षांपैकी काहींवरून निर्देशांक व पाऊस यांतील संख्याशास्त्रीय संबंध ठरविला जातो. उरलेल्या वर्षांवर तो तपासून पाहिला जातो. या पडताळणीत संबंध टिकला, तरच तो मागील शतकांना लागू करणे समर्थनीय ठरते.

भारतीय उपखंडातील अभ्यास

सागाच्या वलयांचा हवामानाशी संबंध जोडण्याचा एक आरंभीचा प्रयत्न बर्लागे या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावर केला. १९३१ मध्ये त्यांनी १५१४ ते १९२९ या काळाची मालिका प्रसिद्ध केली. भारतात पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि लखनौची बिरबल साहनी संस्था यांनी या विषयाचा पाया घातला. हिमालयातील देवदार व इतर सूचिपर्णी वृक्षांपासून हजार वर्षांहून अधिक लांबीच्या मालिका मिळाल्या आहेत. मात्र तेथील वलयांवर प्रामुख्याने मान्सूनपूर्व महिन्यांतील तापमान व पाऊस यांचा प्रभाव दिसतो. मान्सूनच्या अभ्यासासाठी द्वीपकल्पातील सागाकडे वळावे लागते.

या कार्याचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा प्रादेशिक हवामानाच्या संदर्भात अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे बोरगावकर व सहकाऱ्यांनी केरळमधील सागापासून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एल निनोशी निगडित अवर्षणाच्या वर्षांत वाढ खुंटल्याचे प्रमाण अधिक असल्याचे या मालिकेत आढळले. त्यापूर्वीच्या काळातही ज्ञात एल निनो वर्षांशी जुळणारी अनेक अरुंद वलये दिसून आली.

२०१० मध्येच एडवर्ड कुक व सहकाऱ्यांनी आशियातील तीनशेहून अधिक वृक्षवलय-मालिका एकत्र करून इ. स. १३०० पासूनच्या मान्सूनमधील अवर्षणांचा नकाशासंग्रह सिद्ध केला. त्यात १६३८-४१, १७५६-६८, १७९०-९६ आणि १८७६-७८ ही चार मोठी अवर्षणे ठळकपणे दिसतात. यांतील शेवटचे दख्खनच्या इतिहासाला चांगलेच परिचित आहे. तिसऱ्या अवर्षणाच्याच काळात दक्षिण भारतात व मराठी मुलखाच्या काही भागांत पडलेला दुष्काळ, विखुरलेल्या मृतांच्या कवट्यांवरून ओळखला जातो. कागदपत्रांतील दुष्काळ आणि लाकडातील अवर्षण असे परस्परांना पुष्टी देतात, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र या दोन गोष्टी एकच नव्हेत. वलय पावसाची तूट दाखविते. त्या तुटीचे रूपांतर उपासमारीत का झाले, याचे उत्तर महसूल, बाजार, युद्ध आणि राज्यव्यवस्था यांत शोधावे लागते.

अल्पकालीन नोंदींचा धोका

अल्पकालीन नोंदींवर विसंबून केलेल्या नियोजनाचे परिणाम किती दूरगामी असतात, हे अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९२२ च्या करारानुसार या नदीच्या वरच्या व खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी वार्षिक ७५ लाख एकर-फूट पाणी देण्यात आले आणि १९४४ च्या तहान्वये मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट मान्य झाले. त्यावेळी हाती असलेल्या थोड्या वर्षांच्या नोंदी याहून अधिक प्रवाह दाखवीत होत्या. १९७६ मध्ये स्टॉकटन व जेकोबी यांनी वृक्षवलयांवरून प्रवाहाची पुनर्रचना केली, तेव्हा दीर्घकालीन सरासरी सुमारे १३५ लाख एकर-फूटच असल्याचे आणि करारापूर्वीची वर्षे अपवादात्मक ओली असल्याचे दिसून आले. म्हणजे नदीत सरासरीने जेवढे पाणी नव्हते, तेवढे कागदावर वाटले गेले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात प्रथमच पाणीटंचाई अधिकृतपणे जाहीर करावी लागली. तापमानवाढीचा वाटा त्यात असला, तरी मूळ वाटपातील तूट जुनीच होती.

कृष्णा खोऱ्याची परिस्थिती याहून वेगळी आहे, परंतु प्रश्नाचे स्वरूप मिळतेजुळते आहे. बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या मालिकेवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह २,०६० टीएमसी धरला आणि त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षांची मालिका घेतली. तेव्हा त्याच विश्वासार्हतेचा आकडा २,१७३ टीएमसी आला. मोजणीच्या पद्धतीतील फरकाचा वाटा वगळला, तरी कोणती वर्षे निवडली यावर नदीचे ‘भरवशाचे’ पाणी काही अंशी अवलंबून राहते, हे यावरून लक्षात येते. सागाची वलये टीएमसीचा आकडा लगेच देणार नाहीत. परंतु सलग किती वर्षे पाऊस तुटीचा राहू शकतो आणि अशा मालिका गेल्या पाच शतकांत किती वेळा आल्या, या प्रश्नांची उत्तरे ती देऊ शकतात. धरणातील साठा किती वर्षे पुरवावा लागेल, हे ठरविताना हीच माहिती निर्णायक ठरते.

पद्धतीच्या मर्यादा

वृक्षवलयांच्या साक्षीला मर्यादा आहेत. जमीन पाण्याने संपृक्त झाल्यावर पडणाऱ्या जादा पावसाचा झाडाला उपयोग होत नाही. त्यामुळे वलये अतिवृष्टीपेक्षा अवर्षणाविषयी अधिक विश्वासाने बोलतात. झाड आकाशातील पाऊस मोजत नाही. त्याचा संबंध मुळांशी पोहोचलेल्या ओलाव्याशी असतो. त्यामुळे मातीचा प्रकार आणि बाष्पीभवन यांचाही विचार करावा लागतो. मालिका जसजशी मागे जाते, तसतशी नमुन्यांची संख्या घटते आणि अनिश्चितता वाढते. शिवाय वयाचा उतार वेगळा करताना अनेक शतकांचे संथ बदलही काही प्रमाणात पुसले जातात.

रुंदीपलीकडे जाऊन लाकडातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांचे मापन हा या मर्यादांवरील एक मार्ग होय. ठाणे परिसरातील सागावर याच प्रकारचे संशोधन झाले असून ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. छत्तीसगडमधील दंडक गुहेतील चुनखडीच्या स्तंभावरून इ. स. ६०० ते १५०० या काळातील मान्सूनची नोंद २००७ मध्ये मांडली गेली. १३९६ पासून बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते, त्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळ केरळच्या सागमालिकेच्या आधीचा आहे. तेथे गुहेची नोंद आणि आशियाई नकाशासंग्रह यांचाच आधार घ्यावा लागतो. कोणतेही एक साधन पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जुन्या बांधकामातील साग

सर्वांत मोठी अडचण जुन्या लाकडाच्या उपलब्धतेची आहे. जहाजबांधणी, रेल्वे आणि इमारती यांसाठी झालेल्या तोडीमुळे तीन-चार शतकांचे साग आता क्वचितच आढळतात. परंतु महाराष्ट्रातील जुने वाडे, मंदिरांचे सभामंडप आणि गढ्या यांतील खांब व तुळया यांत जुना साग आजही आहे. ॲरिझोनात जे कार्य वस्त्यांच्या तुळयांनी केले, ते येथेही तत्त्वतः शक्य आहे. लाकूड तासताना बाहेरील वलये गेलेली असल्यास झाड तोडल्याचे वर्ष नेमके मिळत नाही आणि लाकूड कोणत्या जंगलातून आले हेही शोधावे लागते. तरीही शिल्लक वलयांची वर्षे ठरविता येऊ शकतात. वाडा पाडला जातो तेव्हा मात्र हे लाकूड विकले जाते, कापले जाते अथवा सरपणात जाते आणि त्याबरोबर न वाचलेली नोंदही नष्ट होते.

समारोप

वृक्षवलये भविष्य सांगत नाहीत. बदलत्या हवामानात उद्याचा मान्सून कालच्यासारखाच असेल, अशी हमीही ती देत नाहीत. परंतु मानवी हस्तक्षेपाचा प्रभाव वाढण्यापूर्वीही मान्सून किती दीर्घकाळ पाठ फिरवू शकत होता, हे ती दाखवितात. दीडशे वर्षांच्या नोंदींवर आखलेल्या योजनांची पाचशे वर्षांच्या साक्षीवर परीक्षा घेण्याची संधी त्यामुळे मिळते. या कार्यात वनस्पतिशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र आणि इतिहास या विषयांचे सहकार्य अपरिहार्य आहे. महाविद्यालयांच्या पातळीवर परिसरातील जुन्या सागकामाची पाहणी करणे, पाडकाम होणाऱ्या वास्तूंतील तुळयांचे छेद स्थळ व वास्तू यांच्या माहितीसह जतन करणे आणि ते तज्ज्ञ संस्थांपर्यंत पोहोचविणे एवढे जरी घडले, तरी या अभ्यासाला मोलाची सामग्री मिळेल. हे लाकूड एकदा गेले की, ते पुन्हा मिळविण्याचा कोणताही मार्ग शास्त्राजवळ नाही.