आभाळातली वेस

मुंबईहून जेद्दाला निघालेलं विमान उतरायला थोडा वेळ उरला की घोषणा होते : मीकात, म्हणजे मक्केच्या वाटेवरची वेस, जवळ आली आहे. पेंगुळलेली मंडळी सावरून बसतात. पुरुषांनी एहराम, म्हणजे न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी, बहुधा मुंबईतच नेसलेल्या असतात. बायका आपल्या साध्या कपड्यांत. आता मनात उमऱ्याची, म्हणजे मक्केच्या यात्रेची, नियत करायची आणि ‘लब्बैक’ म्हणायला लागायचं. खाली ताइफजवळचं कर्नुल मनाझिल, आणि विमान मिनिटाला दहाबारा किलोमीटर कापतंय. एहरामाविना वेस ओलांडली तर मागे फिरून यावं लागतं, नाहीतर दंड म्हणून बकऱ्याची कुर्बानी.

ही वेस ठरली ती चौदाशे वर्षांपूर्वी, उंटांच्या तांड्यांसाठी. मक्केच्या वाटांवर अशा पाच जागा आहेत. मदिनेकडची जुल-हुलैफा चारशेहून अधिक किलोमीटर लांब, तर कर्नुल मनाझिल शंभराच्या आत. तेव्हाच्या वाळूतल्या खुणा आज विमानालाही लागू आहेत, याचं मला फार नवल वाटतं.

रत्नागिरीच्या जुन्या हाजींची मीकात मात्र निराळी होती. मुघल लाईनची जहाजं मुंबई सोडून तांबड्या समुद्रात शिरत आणि यलमलमच्या समांतर आली की प्रवासी एहराम बांधत. ती येमेनकडून येणाऱ्यांची वेस. 1995 साली हजची जहाजं बंद झाली आणि कोकणी माणसाची वेस समुद्रातून आभाळात गेली.

येमेनशी आपलं नातं एवढंच नाही. उत्तर भारतातले बहुतेक मुसलमान हनफी. कोकणी मुसलमान शाफई, येमेनच्या आणि मलबारच्या किनाऱ्यासारखे. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हा पंथ इथे रुजला. त्यामुळे हनफींना जो उमरा सुन्नत, तोच शाफई मताने ऐपत असलेल्यावर आयुष्यात एकदा फर्ज, म्हणजे बंधनकारक. उमऱ्याला ‘छोटा हज’ हे नाव रत्नागिरीच्या राजिवड्यात किंवा मिरकरवाड्यात जरा जपूनच वापरावं!

समुद्र नेहमी वाट देईच असं नाही. दाभोळच्या शाही मशिदीची कथा सांगतात की, विजापूरची शाहजादी आयेशाबीबी सतराव्या शतकात मक्केला जायला बंदरावर आली, प्रवास जमला नाही, म्हणून सोबतच्या पैशांतून तिने मशीद बांधली. खाडीच्या तोंडाशी मशिदीचा घुमट आजही उभा आहे.

आता रत्नागिरीहून रात्रीची गाडी, मग विमान. त्याआधी मेनिंजायटिसची लस घ्यायची, उधारी चुकती करायची आणि घरोघरी जाऊन माफी मागायची. भांडण झालेल्या भावकीचा उंबरा सर्वांत उंच असतो. सामानात बिनवासाचा साबण हवा, कारण एहरामात सुगंध चालत नाही. केस-नखं कापणंही नाही.

मक्केतला विधी काही तासांचा. काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे, तो तवाफ. मोकळ्या अंगणात भर उन्हातही अनवाणी चालता येतं, कारण फरशी ग्रीसच्या थासोस बेटावरच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवराची आहे. ती ऊन परतवून लावते. मे महिन्यातल्या आपल्या कातळावर पाय ठेवून पाहिलेल्याला हे पटायला वेळ लागेल. शाफईंची पंचाईत वेगळीच : परक्या स्त्रीचा किंवा पुरुषाचा नुसता त्वचास्पर्श झाला तरी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी, तुटतो, आणि तवाफला वजू हवाच. त्या गर्दीत हे सांभाळणार कसं? म्हणून कित्येक जण तेवढ्यापुरतं हनफी मत धरतात.

मग सई. तान्ह्या इस्माइलसाठी पाणी शोधत त्याची आई हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावली होती. त्याच वाटेने सात खेपा, सुमारे तीन किलोमीटर. आता छताखाली, गारव्यात. हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष पळतात. शेवटी मुंडण करायचं किंवा केस कापायचे. बायकांनी बोटाच्या पेराएवढे. एहराम सुटला.

पुन्हा उमरा करायचा झाला तर हरमच्या, म्हणजे मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या, हद्दीबाहेर पडून परत आत यावं लागतं, खुद्द मक्केत राहणाऱ्यालासुद्धा. सर्वांत जवळची जागा तनईम, सातेक किलोमीटरवर. तिथल्या मशिदीत नियत करायची, फेरे, खेपा, आणि परवाच गुळगुळीत झालेल्या डोक्यावर केस नसले तरी वस्तरा फिरवून घ्यायचा.