परिचालन व्यूहरचना

उत्पादनक्षमता किती असावी, कारखाना कोठे उभारावा, कोणती यंत्रे घ्यावीत, साठा किती ठेवावा आणि गुणवत्ता कशी राखावी, यांविषयी व्यवसायाने घेतलेल्या दीर्घकालीन व परस्परसुसंगत निर्णयांना परिचालन व्यूहरचना म्हणतात. रोजच्या कामाची आखणी हा त्याहून वेगळा विषय होय. अमेरिकन अभ्यासक विकहॅम स्किनर यांनी १९६९ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हा विचार मांडला. कमी खर्च, वेग आणि गुणवत्ता ही सारी उद्दिष्टे एकच कारखाना सारख्याच प्रमाणात साधू शकत नाही; कशाला प्राधान्य द्यायचे, हे आधी ठरवावे लागते.

परभणी जिल्ह्यातील जिनिंग व्यवसाय

सेलू तालुक्यातील वालूरच्या परिसरात कापूस पिकतो. सेलू व मानवत या जवळच्या बाजारपेठा. वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे एक-तृतीयांश रुई आणि उरलेली बहुतेक सरकी असते. साधारणतः ५ क्विंटल कापसापासून १७० किलोची एक गाठ तयार होते. सुटा, फुगीर कापूस दूर नेणे महाग पडते, म्हणून जिनिंग कारखाना पिकाच्या जवळच असतो. स्थळाचा प्रश्न असा सहज सुटतो. क्षमतेचा सुटत नाही.

समजा, १२० दिवसांच्या हंगामात १,२०,००० क्विंटल कापूस येणार आहे, पण त्यातील निम्मा पहिल्या ४० दिवसांतच येतो. त्या काळात रोजची आवक १,५०० क्विंटल होईल, नंतर ७५०. यंत्रे १,५०० क्विंटलची बसविली, तर पुढचे ८० दिवस निम्मी क्षमता पडून राहते. १,००० क्विंटलची बसविली, तर ४० दिवसांत २०,००० क्विंटलचा ढीग साचतो आणि तो उपसायला उरलेला सर्व हंगाम लागतो. पहिल्या मार्गात भांडवल यंत्रांत अडकते, दुसऱ्यात कापसात. शिवाय आगीची धास्ती आणि भाव कोसळण्याची जोखीम असतेच. ढीग ओला असेल, तर रुईचा रंगही बिघडतो. म्हणून खरेदीच्या वेळी ओलावा तपासणे हा किरकोळ सोपस्कार नव्हे.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. त्या काळात खरेदी शासकीय यंत्रणेमार्फत होई आणि जिनिंगचालकाचे काम प्रामुख्याने मजुरीवर कापूस पिंजून गाठी बांधण्याचे असे. त्यामुळे वरील हिशेबातील भावाची जोखीम त्याच्यावर फारशी नव्हती. खुल्या खरेदीत ती त्याच्याकडे आली. काही चालक सरकी विकून मोकळे होतात, तर काही तेलघाणी जोडून हंगामानंतरही काम चालू ठेवतात. मात्र त्यासाठी सरकीचा कोरडा साठा करावा लागतो आणि त्यात पुन्हा भांडवल गुंतते.