दावा जिंकायचा नसतोच

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. अब्रूनुकसानीची नोटीस हातात घेऊन आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत विचारतो, "मॅडम, पाच कोटी आणू कुठून?" एक निवृत्त गुरुजी असेच आले होते. खडी क्रशरच्या धुळीबद्दल तहसीलदारांकडे अर्ज दिला आणि ग्रामसभेत बोलले, एवढाच त्यांचा गुन्हा. मी म्हटलं, "गुरुजी, पाच कोटी क्रशरवाल्यांना नकोच आहेत. तुमचा अर्ज मागे घेतलेला हवाय."

दाव्याबरोबर निशाणी ५ला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो: निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने बोलू नये, लिहू नये. हा हुकूम एकतर्फी मिळाला की वादीचं काम फत्ते. पुढे समन्स, वकीलपत्र, कैफियत आणि तारखा. निकाल काहीही लागो, शिक्षा आधीच भोगून झालेली असते.

अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातल्या जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोप कॅनन यांनी १९८०च्या दशकात असे दावे अभ्यासून त्यांना 'स्लॅप' हे नाव दिलं. कॅलिफोर्नियाने १९९२मध्ये त्यावर कायदा केला. तिथे प्रतिवादी सुरुवातीलाच अर्ज करतो. आपण सार्वजनिक प्रश्नावर बोललो एवढं त्याने दाखवलं, की दाव्यात दम आहे हे वादीला पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. दावा उडाला तर प्रतिवादीच्या वकिलाची फी वादीच्या खिशातून जाते. खरी मेख इथेच आहे.

माल्टाच्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांची ऑक्टोबर २०१७मध्ये गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर बदनामीची चाळीसहून अधिक प्रकरणं चालू होती. त्यानंतरच्या रेट्यातून युरोपीय संघाने २०२४मध्ये आपले नियम केले. तेही फक्त एकाहून अधिक देशांशी संबंध असलेल्या दिवाणी दाव्यांपुरते.

आपल्याकडे असा कायदा नाही. जे काही आहे ते न्यायाधीशांच्या विवेकावर. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने एक कॉम्प्युटर गेम काढला, तेव्हा टाटांनी दहा कोटींचा दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११मध्ये मनाई नाकारली. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही खालच्या कोर्टांना बजावलं, की सुनावणीआधी लेखावर बंदी सहजासहजी घालू नका.

पण खोट्या, त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याची भरपाई किती? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ प्रमाणे, व्यापारी दावे सोडले तर, जास्तीत जास्त तीन हजार रुपये! गुरुजींच्या झेरॉक्सचा आणि एसटीच्या भाड्याचा हिशेब लावला तरी ते पुरणार नाहीत. वर फौजदारी फिर्यादीची भीती आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा नोटीस आली तर घाबरून अर्ज मागे घेऊ नका. पोचपावती, फोटो, माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रं नीट जपून ठेवा. आणि त्याच आठवड्यात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई मिळणं अवघड होतं. ते ९० दिवस टिकतं. मुदत संपली की पुन्हा टाका.