खाऱ्या वाऱ्याला पुरून उरलेले अ‍ॅम्प्लिफायर

जुना अ‍ॅम्प्लिफायर किती पक्का बांधलाय हे पाहायचं तर तो मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर नांदलेला हवा. इथला खारा वारा झाकणाच्या फटीतून आत शिरतो, पावसाळ्याचे चार महिने ओल मुरवतो आणि कारखान्याने कुठे पैसे वाचवले ते उघडं पाडतो. देवळांतले, बँजो पार्टीवाल्यांचे, माळ्यावर पडलेले सेट मी वर्षानुवर्षं उघडत आलोय. बांधणी मी दोन गोष्टींवरून ओळखतो : ओल कुठे अडवली आहे आणि दुरुस्तीच्या हाताला जागा किती ठेवली आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. पन्नाशीच्या दशकात व्हॉल्व्ह, साठीत जर्मेनियम ट्रान्झिस्टर, सत्तरीत सिलिकॉन, ऐंशीत आयसी आणि आता क्लास-डी. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हही बनवले आणि एसी १२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टरही. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, त्यामुळे कोकणातल्या पत्र्याच्या छपराखाली त्याचे हाल झाले.

माझा जीव अडकलाय तो व्हॉल्व्हच्या सेटमधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ४, ८ किंवा १६ ओहमचा. या दोघांची गाठ घालायचं काम ट्रान्सफॉर्मरचं. मृदंगाचा खर्ज नीट यायचा तर भरपूर लोखंड आणि भरपूर वेढे हवेत. झांजेचा वरचा नाद टिकायचा तर तेच वेढे एकमेकांना बिलगून हवेत. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. म्हणून चांगला कारागीर प्रायमरी आणि सेकंडरीचे तुकडे पाडून ते आलटून पालटून गुंडाळतो. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा गाजलेला आराखडा छापून आला. त्याची सगळी मदार अशाच ट्रान्सफॉर्मरवर होती.

आता किनाऱ्यावर या. प्रायमरीची तार केसाइतकी बारीक आणि तिच्यावर शेकडो व्होल्टचा डीसी दाब. वार्निशला बारीक तडा गेला, खारी ओल आत पोचली, की विजेच्या जोरावर तांबं कुरतडलं जातं, हिरवा ठिपका उमटतो आणि एक दिवस तार तुटते. बाहेरून ट्रान्सफॉर्मर नवाकोरा दिसतो, आवाज मात्र बंद. ब्रिटनच्या क्वाड कंपनीने १९५३च्या ‘क्वाड टू’चे ट्रान्सफॉर्मर डब्यात बसवून वर डांबरासारखा मसाला ओतला होता. ओलीला वाटच नाही. याला मी बांधणी म्हणतो.

ट्रान्सफॉर्मरचा विषय निघाला की अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवतेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे आणली आणि इमारतीसाठी चुंबकत्व नसलेलं साहित्य वापरलं. भटक्या चुंबकत्वापासून दूर राहण्याची ही धडपड चांगल्या चेसीतही दिसते : पॉवर ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुटचा व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला आणि दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात. तेवढ्याने हम कितीतरी कमी होतो.

रेवदंड्याचे एक वयस्कर मेकॅनिक मला सांगायचे, ‘‘व्हॉल्व्हचा सेट रोज तासभर तापवा, ओल आपोआप पळते.’’ अगदी खरं आहे. रोज वाजणारे सेट टिकले आणि कपाटात जपून ठेवलेले सडले. शिवाय त्यात टॅगस्ट्रिपवर सोल्डर केलेले सुटे कंडेन्सर असतात. एक गेला तर तेवढाच काढा, दुसरा लावा.

सत्तरीच्या दशकातले पायोनिअर, सानसुई, मरँट्झ इथे पोचले ते आखातात नोकरीला गेलेल्या म्हसळा-श्रीवर्धनच्या मंडळींबरोबर. ते भारदस्त असण्याला एक कायदेशीर कारण आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला : जाहिरातीतले वॅट मोजण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर एक-तृतीयांश ताकदीवर तासभर चालवायचा. ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते साधारण त्याच टप्प्यावर. त्यामुळे हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही मोठे झाले. १९७८चा पायोनिअर एसएक्स-१९८० तर चॅनलमागे २७० वॅटचा आणि सुमारे ३५ किलोंचा होता.

पुढच्या दशकात काटकसर शिरली. सान्योचे एसटीके मॉड्यूल सर्रास दिसू लागले. ते जळलं की अख्खं बदलायचं, आणि आता अस्सल मिळणं मुश्कील. स्वस्त सेटांत फिनॉलिक पीसीबी ओल पितात आणि सोल्डर काढताना प्रिंट उचलते. मोठे कंडेन्सर चिकटवलेला पिवळसर गोंद कालांतराने तपकिरी होतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो.

भारतीय कामाचा मान अहुजाच्या साध्या पीए अ‍ॅम्प्लिफायरला द्यायलाच हवा. तो विजेवरही चालतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. गावंच्या गावं अंधारात असताना ओळखीच्या एका देवळात असाच सेट गाडीच्या बॅटरीवर लावून निरोप दिले गेले.

जुना सेट घेणार असाल तर विक्रेत्यापुढेच झाकण उघडा. गोंदाचा रंग, पीसीबीचा पोत, ट्रान्सफॉर्मरवरचं वार्निश पाहा. पहिल्यांदा चालू कराल तो सिरीज बल्ब लावूनच. किनाऱ्यावर राहणाऱ्याने सत्तरीतला सिलिकॉन सेट घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. व्हॉल्व्हचा सेट घ्यावा तो रोज ऐकणाऱ्याने, कारण त्या सेटला विश्रांती मानवत नाही.