नवा टीव्ही घेण्याआधी: दोष पडद्यात आहे की डोळ्यांत?

उसाचे बिल जमा झाले किंवा दिवाळी जवळ आली की ढोकीतल्या अनेक घरांत नव्या टीव्हीचा विषय निघतो. कारण बहुधा ठरलेले असते: “आजोबांना आता टीव्हीवरचे नीट दिसत नाही, मोठा घेऊन टाकू.” मग कोणी गावातच चौकशी करते, कोणी धाराशिव, लातूर किंवा बार्शीच्या दुकानांत फिरते. तिथे एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, फोर-के अशी नावे ऐकून गोंधळ वाढतो.

पडद्यांचे हे प्रकार एकमेकांपासून कसे वेगळे आहेत आणि घरातल्या कोणत्या व्यक्तीला कोणता सोयीचा, हे या लेखात पाहू. पण खरेदीआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा: अंधुकपणा टीव्हीत आहे की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत? मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळे नजर कमी झाली असेल, तर मोठ्या पडद्याने काही महिने भागते. तेवढ्या काळात आजार मात्र पुढे सरकतो.

घरच्या घरी करायची सोपी तपासणी

जुना टीव्ही सुरू करून बातम्यांची वाहिनी लावा. ज्यांना दिसत नाही त्यांना नेहमीच्या जागी बसवा. दूरचा चष्मा असेल तर तो घालू द्या. आता पुढील गोष्टी पाहा.

• एक डोळा तळहाताने झाकून खाली सरकणारी पट्टी वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाकून तेच करा. दोन्ही डोळ्यांत स्पष्ट फरक असेल, तर दोष टीव्हीत नाही. एका डोळ्याची नजर हळूहळू गेली तरी दुसरा डोळा काम भागवत असल्यामुळे अनेकांना ते महिनोन्महिने कळत नाही.
• त्याच जागेवरून घरातल्या चांगली नजर असलेल्या माणसाला तीच पट्टी वाचायला सांगा. त्यालाही अंधुक दिसत असेल तर पडदा किंवा सिग्नल खराब आहे. त्याला स्वच्छ दिसत असेल तर आजोबांचे डोळे तपासायला हवेत.
• कोणता चष्मा लावला आहे ते पाहा. चाळिशीचा, म्हणजे जवळचा चष्मा लावून टीव्ही पाहिला तर तो धूसरच दिसणार. दोन भागांचा चष्मा असलेला माणूस पलंगावर आडवा पडून टीव्ही पाहतो, तेव्हा त्याची नजर बऱ्याचदा काचेच्या खालच्या, जवळच्या भागातून जाते. उठून बसल्यावर स्पष्ट दिसले तर कारण सापडले.

ही तपासणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. पैसे आधी कुठे खर्च करायचे, एवढे मात्र तिच्यातून नक्की कळते.

पडद्यांचे प्रकार

साधा एलईडी: याचा मूळ पडदा एलसीडीच असतो. मागे एलईडी दिव्यांचा प्रकाश आणि पुढे तो अडवणारा किंवा सोडणारा द्रवस्फटिकांचा थर, अशी रचना असते. मागचा दिवा सतत चालू राहत असल्यामुळे काळा रंग थोडा राखाडी दिसतो. यात दोन उपप्रकार आहेत. आयपीएस पडदा बाजूला बसणाऱ्यालाही चांगला दिसतो. व्हीए पडद्यावर काळा रंग जास्त गडद येतो, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. एका खोलीत आठ-दहा माणसे पसरून बसत असतील तर आयपीएस सोयीचा.

क्यूएलईडी: हाही एलसीडीच. दिव्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा एक थर असतो. त्यामुळे रंग अधिक खुलतात आणि पडदा सहसा जास्त उजळ असतो. नावातल्या साधर्म्यामुळे याला ओएलईडी समजू नका.

मिनी एलईडी: मागे शेकडो-हजारो बारीक दिवे असतात आणि ते गटागटाने मंद करता येतात. त्यामुळे चित्राचा उजळ भाग खूप उजळ आणि काळा भाग बराच काळा दिसतो.

ओएलईडी: यात मागचा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळ्या जागी ठिपका पूर्ण बंद होतो, म्हणून अक्षरे व पार्श्वभूमी यांतला फरक ठळक दिसतो आणि बाजूनेही चित्र चांगले दिसते. मात्र हे टीव्ही महाग असतात, बहुधा ४२ इंच व त्याहून मोठ्या आकारांतच मिळतात आणि भरपूर उजेडाच्या खोलीत त्यांचा फायदा कमी होतो. एकच वृत्तवाहिनी रोज तासन्‌तास लावली, तर तिच्या चिन्हाचा किंवा पट्टीचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची शक्यता असते.

यांपैकी कोणताही प्रकार निरोगी डोळ्याला इजा करतो असे दिसून आलेले नाही. फरक पडतो तो आराम आणि स्पष्टपणा यांत.

कोणत्या डोळ्यांना काय सोयीचे?

मोतीबिंदू असल्यास: डोळ्यातले भिंग गढूळ झाल्यामुळे आत येणारा प्रकाश विखुरतो. रंग पिवळट दिसतात आणि उजेड डोळ्यांवर येतो. चकचकीत पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल तर अशा माणसाला फारच त्रास होतो. कमी चमकणाऱ्या पृष्ठभागाचा पडदा त्यांना बरा. पण मोतीबिंदूवर खरा उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. तो “पिकेपर्यंत” थांबायची गरज आता राहिलेली नाही. रोजची कामे अडू लागली की शस्त्रक्रियेचा विचार करावा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. टीव्हीसाठी बाजूला ठेवलेले पैसे न मोडताही डोळे सुधारू शकतात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर: “आता टीव्ही पाहायचा का?” हा नेहमीचा प्रश्न. पाहता येतो, त्याने टाके किंवा भिंग बिघडत नाही. डोळे थकले की थांबा, थेंब वेळेवर घाला आणि डोळा चोळू नका. सुरुवातीला रंग निळसर आणि जास्त उजळ वाटतात, कारण पिवळट भिंग निघून गेलेले असते. नवा टीव्ही निवडायचा असेल तर अंतिम चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवडे थांबा. कदाचित जुनाच टीव्ही पुरेसा वाटेल.

मधुमेह असल्यास: रक्तातील साखर वर-खाली झाली की नजरही बदलते. आठवडाभर टीव्ही स्पष्ट आणि पुढच्या आठवड्यात धूसर, असे होत असेल तर साखर तपासा. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम सुरुवातीला काहीच लक्षण न देता होतो. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घ्या.

वयामुळे दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला असल्यास: हा दोष चष्म्याने पूर्ण भरून निघत नाही. इथे मोठा, ठळक पडदा खरोखर मदत करतो. टीव्हीच्या जवळ बसले तरी चालते. अंतर निम्मे केले की चित्र दुप्पट मोठे दिसते. जवळ बसल्याने डोळे आणखी बिघडत नाहीत.

डोकेदुखी किंवा अर्धशिशी असल्यास: काही टीव्हींत उजेड कमी करण्यासाठी दिवा अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. दुकानात टीव्हीचा उजेड कमी करायला सांगा आणि मोबाइलच्या संथगती चित्रीकरणातून पडदा पाहा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा टीव्ही पाहा.

फिट येत असल्यास: अपस्माराच्या थोड्या रुग्णांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टूनमधील लाल-निळ्या झगमगाटानंतर साडेसहाशेहून अधिक जणांना, त्यांत बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. अशा रुग्णाने फार मोठ्या पडद्याजवळ बसू नये आणि खोलीत दिवा चालू ठेवावा. झगमगाट सुरू झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

लहान मुले: मूल टीव्हीला चिकटून बसते म्हणून त्याचे डोळे बिघडतात, असा समज आहे. अनेकदा उलटे असते: डोळ्याला लांबचे दिसत नाही म्हणून ते जवळ जाते. त्याला रागावण्याआधी डोळे तपासा. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल आणि तो लहानपणी दुरुस्त झाला नाही, तर तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर सर्वांत चांगला उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षापर्यंतच्या बाळांना पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त नको. रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळण्याने जवळच्या नजरेचा दोष लागण्याची शक्यता कमी होते.

आकार आणि अंतर

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत इंचांत मोजतात. त्याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसणे सोयीचे.

• ३२ इंच: सुमारे सव्वाचार फूट
• ४३ इंच: सुमारे पावणेसहा फूट
• ५५ इंच: सुमारे सव्वासात फूट
• ६५ इंच: सुमारे पावणेनऊ फूट

यापेक्षा थोडे लांब बसले तरी बिघडत नाही. पण खोली दहा फुटांची आणि टीव्ही ६५ इंची घेतला, तर पलंग व खुर्च्या मांडल्यावर पुरेसे अंतर उरत नाही आणि सतत मान फिरवावी लागते.

फोर-केचा मोह धरण्याआधी हे लक्षात ठेवा: ४३ इंची पडदा सहा फुटांवरून पाहताना चांगल्या नजरेलाही फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक जवळजवळ कळत नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला तो कळणे शक्यच नाही.

दुकानात आणि घरी

दुकानातला टीव्ही सहसा सर्वांत भडक रंगांवर लावलेला असतो. “घरगुती” किंवा “चित्रपट” अशी सेटिंग लावून मगच तुलना करा. फुलांचे आणि समुद्राचे नमुना चित्रीकरण पाहून निर्णय घेऊ नका, बातम्या लावायला सांगा. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी टीव्ही घ्यायचा त्यांना त्यांच्या चष्म्यासह सोबत न्या.

घरी आणल्यावर:

• उघड्या दाराच्या किंवा खिडकीच्या अगदी समोर टीव्ही लावू नका. दुपारच्या उन्हाचे प्रतिबिंब कोणत्याही महागड्या पडद्याला निकामी करते.
• रात्री पूर्ण अंधार करू नका. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला मंद दिवा ठेवा.
• पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडा खाली असावा. उंचावर लावला की मान दुखते आणि डोळे जास्त उघडे राहून कोरडे पडतात.
• उन्हाळ्यात कूलरचा किंवा पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर येऊ देऊ नका. टीव्ही पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यात गरम वारा लागला की डोळे चुरचुरतात.
• दगड-मातीच्या जुन्या भिंतीत खिळे सैल होतात. अशा घरात टीव्ही रुंद, जड आणि बुटक्या टेबलावर मागे पट्ट्याने बांधून ठेवा. अंगावर टीव्ही पडून लहान मुलांच्या डोक्याला गंभीर इजा होऊ शकते.

निळ्या प्रकाशाचे काय?

“डोळ्यांची काळजी घेणारा” असा शिक्का अनेक टीव्हींवर असतो. टीव्हीतून येणारा निळा प्रकाश हा दिवसा बाहेर मिळणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत फारच थोडा असतो आणि त्याने डोळ्याचा पडदा खराब होतो असा पुरावा नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, वेगळा चष्माही नको. रात्री उशिरापर्यंत टीव्ही पाहिल्याने झोप मात्र बिघडते. झोपण्याआधी तासभर तो बंद करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा:

• एका डोळ्याची नजर अचानक कमी होणे
• डोळ्यासमोर विजेसारखे चमकणे, काळे ठिपके एकदम वाढणे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे
• डोळा लाल होऊन तीव्र वेदना, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे
• अचानक एकाचे दोन दिसू लागणे

सरळ रेषा वाकड्या दिसणे, रात्री दिव्यांचा उजेड फार फाकणे किंवा चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, यांसाठी आठवडाभरात वेळ घ्या.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी तक्रार नसली तरी नियमित तपासणी करावी. आजोबांचे डोळे तपासून झाले, नंबर ठरला आणि तरीही पट्टी वाचता येत नसेल, तर खुशाल नवा टीव्ही आणा. तो त्यांना नीट दिसेल.