पाण्यात साखर कशासाठी?

जुलाब होत असलेल्या मुलाला आपण मीठ-साखरेचे पाणी देतो. शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ भरून काढायचे, हे समजते. पण साखर कशासाठी? ‘ताकद यावी म्हणून’ हे उत्तर वर्गात हमखास मिळते. खरे उत्तर मात्र आतड्यातील पेशींच्या पटलात आहे.

पेशीपटल म्हणजे मेदद्रव्यांचा दुहेरी थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांश भागापेक्षाही कमी असते. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून विसरणाने सहज आरपार जातात. विद्युतभारित सोडियम आयन आणि ग्लुकोजचा मोठा रेणू यांना मात्र मेदाचा थर अडवतो. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारे असतात.

लहान आतड्यातील असे एक दार मोठे चोखंदळ आहे. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीने आले, तरच ते त्यांना आत घेते. आत आलेला सोडियम पेशीच्या दुसऱ्या बाजूचे प्रथिन-पंप रक्ताच्या दिशेने बाहेर टाकतात. त्यासाठी एटीपीतील ऊर्जा खर्च होते. त्यामुळे पेशीत सोडियम कमीच राहतो आणि दारातून नवा येत राहतो. त्याच्यामागून परासरणाने पाणी येते.

कॉलऱ्याच्या विषामुळे पेशी क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सोडू लागतात. पाठोपाठ सोडियम आणि पाणीही जाते. मीठ शोषण्याची नेहमीची वाट मंदावते. पण जोडीचे दार शाबूत राहते! म्हणून नुसत्या मिठाच्या पाण्याने भागत नाही, सोबत ग्लुकोज लागते.

ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. आपली साखर आतड्यात फुटून तिच्यातून ग्लुकोज मिळते. गोडीसाठी साखर वाढवू नये. द्रावण दाट झाले की परासरण उलट्या दिशेने होते आणि जुलाब वाढतात. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. परासरणाचा धडा त्यांना नीट समजला की नाही, ते लगेच कळेल.